रोजच्या जगण्याची वही कशी ठेवावी आणि तिच्यातून लेख कसा काढावा

रोजच्या जगण्यावर लिहू पाहणारी बहुतेक मंडळी पहिल्या पानावरच अडतात, आणि त्याचे कारण विषयांचा तुटवडा नसून आपल्याला काय वाटले ते सांगून टाकण्याची घाई हे असते. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण आणि झाडलोट आहे, तेव्हा घरकाम हा लिहिण्याचा विषय नव्हे असे म्हणण्याची सोय निदान मराठवाड्यात तरी नाही.

साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे त्या दिवशी दिसलेले आणि ऐकलेले तेवढेच लिहावे. उजवी बाजू कोरी ठेवून आपले मत तिथे आठ दिवसांनी लिहावे. आठ दिवसांत निम्मी मते आपोआप गळून पडतात आणि उरतात ती सहसा लिहिण्यासारखी असतात.

डावीकडची नोंद कशी असावी, हे एका उदाहरणाने सांगतो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. शेतात कडब्याची कोप उभारून पाच पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, उंडे, आंबील असे जेवण होते. पहिल्या वर्षी मी ‘मातीशी नाते जोडणारा सण’ असे लिहून मोकळा झालो. हे वाक्य शेतात पाऊल न टाकताही लिहिता आले असते. पुढच्या वर्षीची नोंद अशी आहे: ‘काकूंनी आंबिलीचे मडके डोक्यावरून उतरवले, पण चुंबळ पदराला चिकटून डोक्यावरच राहिली आणि सगळी पंगत जेवून उठेपर्यंत त्यांना कोणी सांगितले नाही.’ आठ दिवसांनी उजवीकडे मी एवढेच लिहिले की, मलाही ती दिसली होती आणि मीही बोललो नाही. पुढे लेख झाला तो या दोन वाक्यांचा. पूजेची माहिती त्यात चार ओळींत आटोपली.

बोलणे मात्र जसे कानावर पडले तसेच उतरवावे. निवेदन प्रमाण मराठीत असायला हरकत नाही, परंतु ‘काय करायलास?’ या प्रश्नाचे ‘काय करत आहेस?’ केले की विचारणारी व्यक्तीच बदलते. सुरुवातीची दोन वर्षे मी सगळे शुद्ध करून लिहीत होतो. परिणामी त्या वह्यांतली माझी आजी बातम्या वाचल्यासारखी बोलते, आणि आता तिला पुन्हा विचारून घेण्याची सोय राहिलेली नाही.

मोबाईलने काढलेला फोटो ही नोंद नव्हे. फोटो जरूर काढावा, पण तो स्टेटसला ठेवण्याआधी वहीत दोन ओळी लिहाव्यात, कारण एकदा लोकांच्या प्रतिक्रिया येऊ लागल्या की आपण त्यांच्याच डोळ्यांनी तो प्रसंग आठवू लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा वाघिणींचे फोटो जिकडेतिकडे फिरत होते. माझ्या वहीत त्या आठवड्यात एवढेच आहे की, घरी आलेल्या पाहुण्याने तांब्यात उरलेले पाणी सवयीने अंगणात फेकले आणि आई बोलता बोलता गप्प झाली. आज त्या उन्हाळ्याविषयी लिहायला बसलो की रेल्वेपेक्षा तो तांब्याच माझ्या कामी येतो.

महिनाअखेरीस वही सलग वाचावी आणि जी नोंद पुन्हा वाचावीशी वाटेल तिच्यावर खूण करावी. एका लेखाला अशी एक नोंद पुरते. दोन-तीन कोंबल्या तर एकही धड उभी राहत नाही. गावातल्या माणसांची नावे बदलावीत, आणि नाव बदलूनही माणूस ओळखू येत असेल तर त्याला आधी विचारावे.

कच्चा मजकूर घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याने अभिप्राय द्यावा अशी अपेक्षा नको, त्याच्याकडे नुसते पाहत राहावे. आमच्याकडे मी वाचतो तेव्हा पत्नी सूप घेऊन ज्वारी निवडत बसलेली असते. ज्या वाक्याला तिचा हात थांबतो ते मी ठेवतो, आणि ज्या परिच्छेदभर ती खडेच वेचत राहते तो काढून टाकतो.