मिरजेतल्या मुक्त वादनाच्या रविवारची तयारी

मुक्त वादन म्हणजे राग, ताल, बंदिश काहीच आधी न ठरवता एकत्र वाजवणं. त्यासाठी महिनाभर आधी जागा बघायची, आणि बघायला रविवारीच जायचं, ज्या वेळी वाजवायचं आहे नेमक्या त्याच वेळी. मंगळवारी शांत वाटलेल्या शाळेच्या हॉलशेजारी रविवारी लग्नाचा बँड उभा असतो. हॉलमध्ये दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. कानावर पडेल ते वहीत उतरवायचं. रिक्षा, शेजारचा कुकर, जंक्शनवरून येणारा गाडीचा भोंगा. हे आवाज घालवता येणार नाहीत आणि घालवायचेही नाहीत. वादकाने भोंग्याला उत्तर दिलं तर तेही वादनच. अजानच्या वेळी मध्यंतर ठेवायचं. पंखे मात्र बंद हवेत. तारेवर नुसतं बोट घासल्याचा आवाज पंख्याच्या घरघरीत मरतो, आणि इथे तो तानेइतकाच मोलाचा आहे. म्हणून तारीख जानेवारीतली धरू. माइक लावायचा नाही, त्यामुळे श्रोते साठाच्या वर नकोत.

पंधरा दिवस आधी सतारमेकर गल्लीत चक्कर मारायची. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला हवी आहे ती तयार सतार नव्हे. दांडी न बसवलेले भोपळे, जुन्या खुंट्या, मोडलेल्या घोड्या (तारा ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) एका दिवसापुरत्या मागायच्या. वाळलेल्या भोपळ्यावर बोटांनी टकटक केली की आतून जो घुमारा येतो, तो ऐकून लहान मुलंसुद्धा वाजवायला बसतात. ज्यांना वाद्य येत नाही त्यांच्यासाठी हीच वाद्यं. प्रत्येक भोपळा गोधडीत गुंडाळून आणायचा, आणि त्यांची जबाबदारी एकाच माणसावर. दोघांवर टाकली की कुणावरच राहत नाही.

मग गट. लंडनमध्ये गिटारवादक डेरेक बेली यांनी १९७६पासून ‘कंपनी’ नावाने वादक जमवले ते रोज नव्या मांडणीत वाजवण्यासाठी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९९९पासून स्वयंसेवकांच्या बळावर ‘हाय झीरो’ महोत्सव उभा राहिला. तिथेही कधी एकत्र न वाजवलेल्यांना आयोजक एकत्र बसवतात. आपणही तेच करू, पण चिठ्ठ्या टाकून नको. चिठ्ठीने तीन तबले एका गटात येतील. एका संध्याकाळी बसून, माणसं डोळ्यांसमोर आणून जोडायचं: जोरकस हाताच्या ढोलकीवाल्याशेजारी हळू वाजवणारी सारंगी, आणि तिसरा कुणी भोपळेवाला. बारा-बारा मिनिटं. फळ्यावर नावं त्याच दिवशी सकाळी लिहायची, नाहीतर मंडळी आदल्या रात्री फोन करून बंदिश ठरवतील.

सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे तो सरावाला, म्हणजे ऐकण्याच्या सरावाला. तबलजी पहिलाच प्रश्न विचारेल, ‘ताल कुठला?’ त्याला समजावत बसू नका, करून दाखवा. जॉन स्टीव्हन्स या लंडनच्या ड्रमवादकाचे दोन पाठ आहेत. एकात प्रत्येकाने जितका तोकडा जमेल तितका आवाज काढायचा, टिचकीएवढा, आणि इतरांच्या टिचक्या ऐकत राहायचं. दुसऱ्यात एका श्वासात मावेल तेवढा एकच सूर धरायचा. खर्जाचा रियाज केलेल्यांना तो नवा वाटणार नाही. आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी हे केलं की हात आपोआप तिहाईकडे, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याकडे, धावायचा थांबतो. कुणाची बोटं यमन रागात शिरली तर रागावू नका. उपज, म्हणजे वाजवता वाजवता ऐन वेळी सुचणं, आपल्या रक्तातच आहे. बेली यांनी १९८०च्या आपल्या पुस्तकात जगभरच्या उत्स्फूर्त वादनाबद्दल लिहिताना सुरुवात भारतीय संगीतापासूनच केली. आपल्याकडे रागाचं कुंपण असतं आणि परतायला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, असते. इथे परतायचं ठिकाण शेजारचा वादक.

पैशांचं आधी बोला. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात कलाकार पैसे न घेता हजेरी लावायला येतात, हा मिरजेचा मोठेपणा. पण आपण त्याच्या जिवावर कुणाचं बसभाडं बुडवायचं नाही. पाकिटं शनिवारीच भरून ठेवायची. रेकॉर्डिंगची परवानगीही शनिवारीच, प्रत्येकाकडून लेखी.

रविवारी सकाळी सतरंज्या गोल अंथरायच्या, वादक मध्ये. चपला बाहेर, चहाच्या पेल्यांची बादली लांब, मोबाइल टोपलीत. सुरुवातीला श्रोत्यांना एवढंच सांगायचं: सम नाही, त्यामुळे मान डोलवायची जागा तुमची तुम्ही शोधा, आणि शेवटचा आवाज विरला तरी लगेच टाळी नको. घंटा वाजवायची नाही. बारा मिनिटं झाली की एकजण मागे नुसता उभा राहील, शेवट वादकच करतील.

लहान मुलं रडली तर रडू द्या, आईला बाहेर पाठवू नका.

सोमवारी दुकानं उघडायच्या आत भोपळे मोजून परत.