ताई, आई कधी येणार?

कुटुंब सेवा केंद्रातल्या माझ्या पहिल्या दिवशी एका तीन वर्षांच्या मुलाने मला हा प्रश्न विचारला. हातात स्वतःचे बूट, डोळे दाराकडे. मी पटकन म्हणून गेले, "आत्ता येईल हं." त्याने ते खरं मानलं. माझ्याकडून बूट घालून घेतले आणि दाराशी जाऊन उभा राहिला. दार कुणासाठीही उघडलं की पुढे धावायचा, आई नाही हे बघून मागे फिरायचा. तासाभरात रडून रडून त्याचा आवाज बसला.

मग शेजारच्या खोलीतल्या जुन्या ताई आल्या. त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि चार बोटं उभी केली. "आधी खेळायचं, मग खाऊ, मग गाई गाई. उठलास की आई." तो दारापासून हलला नाही, पण खाली बसला. खाऊ झाल्यावर मात्र स्वतःहून माझ्याकडे आला, चार बोटं दाखवली आणि त्यातली दोन मिटली.

लहान मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. माझ्या "आत्ता"ला त्याच्या जगात काही अर्थच नव्हता आणि त्या खोट्या धीरापायी त्याची सगळी सकाळ गेली. या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळ्यात आधी सांगते.

कुटुंब सेवा केंद्र म्हणजे नुसतं पाळणाघर नव्हे. मुलांना सांभाळणं, पालकांचे गट, समुपदेशन आणि घरी जाऊन हातभार लावणारे स्वयंसेवक, हे सगळं एका छपराखाली असतं. त्याला कारण आहे. समाजसेविका जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या कामगार वस्तीत हल हाउस हे सेवा केंद्र सुरू केलं, तेव्हा ॲडम्सना सुरुवातीलाच तीन अपंग मुलं भेटली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेलं, दुसरं भाजलेलं, तिसऱ्याच्या पाठीला बाक आलेला, कारण आई कामावर गेली की त्याला दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत. त्या आयांच्या मनात माया नव्हती असं कोण म्हणेल? मूल ठेवायला जागा नव्हती. म्हणून मुलाचा विचार आईच्या कामाला, घराला, थकव्याला वगळून करता येत नाही.

शिकाऊ म्हणून आलात, नोकरीला लागलात किंवा आठवड्यातून दोन तास स्वयंसेवक म्हणून आलात, तरी मुलांशी खेळायची हौस तुमची भागेलच. पण सकाळी मूल सोडतानाची आणि संध्याकाळी नेतानाची दहा मिनिटं नीट बघा, कारण खरं काम तिथे शिकता येतं.

सकाळी पालकांचा कल हळूच सटकण्याकडे असतो. "खेळात रमलाय, तेवढ्यात निघते." त्यांना थांबवा. मुलाने मान वळवली आणि आई गायब, असं दोनदा झालं की ते खेळात मान घालायलाच घाबरतं. निरोप घ्यायचा, थोडक्यात घ्यायचा आणि घेतला की निघायचं. दारातून तीनदा परत येऊन पापे घेतले की सगळ्यांचेच हाल होतात. मूल रडेल, रडू द्या, कडेवर घ्या. आईही बाहेर जाऊन रडते, हे मी खिडकीतून कितीदा तरी पाहिलंय. वीस मिनिटांनी तिला फोन करा आणि जे असेल ते खरं सांगा. "अजून हुंदके देतोय, पण माझ्या मांडीवर आहे, हातात गाडी घेतलीय." यात तिला "अगदी मजेत आहे"पेक्षा जास्त धीर असतो.

गप्प झालेलं मूल रुळलं असं मात्र समजू नका. आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण लोकांसमोर आणलं. शांत मूल म्हणजे समाधानी मूल, असं तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका मानत. ही मुलगी बहुतेक वेळ शांतच होती आणि तिचं दुःख त्या शांतपणातच दिसत होतं. आधी आकांत, मग खचणं, मग जणू काही वाटतच नाही असं वागणं, हे टप्पे रॉबर्टसन यांनी ओळखून मांडले. म्हणून कोपऱ्यात चुपचाप बसलेल्या मुलाकडे माझं लक्ष रडणाऱ्याच्या आधी जातं. आपण होऊन खेळणं उचलतंय का, खातंय का, पडलं तर एखाद्या ताईकडे धावतंय का, यावरून ते रुळतंय की नाही ते कळतं. पहिले काही दिवस पालकांनी सोबत बसावं, मग पाव तास बाहेर जावं, मग अर्धा, आणि मुलाची एकच ताई ठरलेली असावी, हा परिपाठ जिथे पाळतात तिथेच काम शिका. पहिल्याच दिवशी मूल आठ तास ठेवून घेणारी जागा शिकायला चांगली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी उलटं होतं. दिवसभर हसत असलेलं मूल आई दिसताच भोकाड पसरतं. आईला वाटतं इथे काही झालं, नव्या ताईला वाटतं आपलं चुकलं. मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि बाळाच्या नात्याचा अभ्यास केला, तेव्हा आई गेल्यावर बाळ किती रडतं याहून ती परतल्यावर ते कसं वागतं, याला त्यांनी महत्त्व दिलं. तिच्याकडे झेपावून रडणारं बाळ दिवसभराचं साठवलेलं आपल्या माणसापाशी मोकळं करत असतं. हे त्या आईला तिथल्या तिथे सांगा, नाहीतर ती रात्रभर मनाला लावून घेईल.

"आज छान होता" एवढ्यावर तिची बोळवण करू नका. किती खाल्लं, किती वेळ झोपला आणि आजची एखादी गोष्ट सांगा. ठोकळ्यांचा मनोरा पडला तेव्हा दचकला, मग हसला, अशी काहीतरी. कुणी चावलं असेल तर त्याच दिवशी सांगा, खूण दाखवा, पण चावणाऱ्या मुलाचं नाव सांगू नका. दीड-दोन वर्षांची मुलं चावतात, शब्द पुरत नाहीत म्हणून चावतात. आणि बाळाने पहिलं पाऊल तुमच्यासमोर टाकलं तर? काही सहकारी सांगतात, मी सांगत नाही. "आता कधीही चालेल हं, लक्ष ठेवा," एवढंच म्हणते. ते पाऊल आईबाबांनी घरी पाहावं.

लंगोट बदलणं हे नव्या माणसाला कमी प्रतीचं काम वाटतं. तिथे मी सगळ्यात जास्त शिकले. डॉक्टर एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये हंगेरीत बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी गृह सुरू केलं. तिथल्या दाया बाळाला उचलण्याआधी सांगत, हात पुढे करत, त्याच्या प्रतिसादाची वाट बघत. मी हे करून पाहिलं. "आता पाय उचलते हं" म्हणायचं आणि थांबायचं. आठवड्याभराने सात महिन्यांच्या एका बाळाने माझं वाक्य ऐकून आपण होऊन पाय वर केले. तेव्हापासून मी कुठल्याही बाळाला न सांगता मागून उचललेलं नाही.

सुरक्षेचे नियम तिथले लोक शिकवतीलच. काही मात्र येतानाच पाठ हवेत. बाळाला पाठीवरच झोपवायचं आणि त्याच्याजवळ उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण काही ठेवायचं नाही. द्राक्षं उभी चिरल्याशिवाय द्यायची नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. बादलीत बोटभर पाणीसुद्धा राहू द्यायचं नाही. खोली बदलली की मुलं मोजायची, प्रत्येक वेळी. एका मोठ्या माणसाकडे किती बाळं आहेत हे विचारा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक असा कायदाच आहे. याच्या तिप्पट बाळं एकटीच्या हाती देत असतील तर माया कितीही असो, हात पुरणार नाहीत.

यादीत नाव नसलेल्या कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, अगदी आजोबा असले तरी. मी एका आजोबांना अर्धा तास बसवून ठेवलं होतं, आईचा फोन लागेपर्यंत. नात "आबा, आबा" करत होती आणि ते माझ्यावर संतापले होते. दुसऱ्या दिवशी आईने त्यांचं नाव यादीत घातलं. ते आले, सही केली, काही बोलले नाहीत. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा बसवीन.

पहिल्या काही महिन्यांत सर्दी-खोकला तुमचा पिच्छा सोडणार नाही. कंबर धरेल, तेव्हा वाकून नव्हे, गुडघ्यात बसून मूल उचलायची सवय आधीच लावा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण केंद्र देईल याची वाट न बघता घ्या. पगार बहुतेक ठिकाणी जबाबदारीच्या मानाने कमी असतो. हे मला आजही अन्यायाचं वाटतं आणि संधी मिळेल तिथे मी ते बोलते. तुम्हीही बोला.

स्वयंसेवकांना वेगळं सांगायचंय. दोनच तास देता येत असतील तर दोनच सांगा, पण ते पाळा. तीन दिवस गाणी, खेळणी घेऊन येणारे आणि चौथ्या दिवसापासून न दिसणारे लोक मी पुष्कळ पाहिले. मुलं त्यांची नावं घेऊन विचारत राहतात, उत्तर आम्हाला द्यावं लागतं. जायचं असेल तर आठवडाभर आधी मुलांना सांगून जा. मुलांचे फोटो तुमच्या फोनमध्ये नकोत. आणि कुणी काही विश्वासाने सांगू लागलं तर "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलाच्या जिवाला धोका असेल तर ते वरिष्ठांना सांगावंच लागतं.

घरभेटीला जाणाऱ्यांचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं. मार्गारेट हॅरिसन यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये होम-स्टार्ट ही संस्था सुरू केली, ते लहान मुलांच्या घरी आठवड्याला ठरलेल्या वेळी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर. त्यातल्या बऱ्याचजणी स्वतः आया होत्या. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन महिन्यांचं बाळ, पसरलेलं घर आणि रात्र रात्र जागलेली आई होती. मी तिला झोपेच्या वेळा कशा ठरवाव्यात ते समजावलं. ती मान डोलावत राहिली. पुढच्या मंगळवारी दार उघडलं नाही.

आमच्या पर्यवेक्षक बाईंनी एवढंच विचारलं, "तिने मागितलं होतं का?" मी चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली: पुढच्या मंगळवारी चार वाजता येते, काही सांगायला नाही, बाळाला घ्यायला. त्या मंगळवारी चार वाजता गेले. दार उघडलं, पण फटीएवढंच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अंघोळ करून येऊ?" मी बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी बसले. ते झोपलं, तरी आतून पाण्याचा आवाज येतच होता.