मूडलमध्ये बाजूचा ब्लॉक कोर्सभर दिसावा यासाठी

परीक्षेची तारीख किंवा शंकानिरसनाची वेळ कोर्सच्या मुख्य पानावर ठळक लिहिली, तरी विद्यार्थ्याने असाइनमेंट उघडताच ती नजरेआड होते. मूडल ४ या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत ती बाजूच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे पानाच्या कडेच्या चौकटीत, ठेवून कोर्सभर दाखवता येते.

१. कोर्सच्या मुख्य पानावर वर उजवीकडचा ‘एडिट मोड’ सुरू करावा.

२. उजव्या काठावरचा ब्लॉकचा कप्पा उघडून ‘ॲड अ ब्लॉक’मधून ‘टेक्स्ट’ निवडावा आणि मजकूर थोडक्यात लिहावा.

३. त्याच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले ऑन पेज टाइप्स’समोर ‘एनी पेज’ निवडावे. बहुतेकांकडून नेमके हेच राहून जाते आणि ब्लॉक मुख्य पानापुरताच उरतो. ब्लॉकचा क्रम ठरवणारे ‘वेट’ उणे १० ठेवल्यास तो सर्वांत वर राहतो.

मोबाइलच्या लहान पडद्यावर हा कप्पा मिटलेला असतो, म्हणून मुदतीची सूचना केवळ ब्लॉकवर सोडू नये.