पिशवी साफ केल्यानंतरचा ‘छोटा महिना’: चिनी पद्धतीतले काय घ्यावे आणि काय टाळावे

गर्भ पडल्यावर पिशवी साफ करून बाईला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि घरच्यांना वाटते, झाले ते झाले, आता सुटलो. सोलापुरात बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आहे, परंतु गर्भ पडलेल्या बाईसाठी असा कोणताच काळ ठरलेला नसल्याने ती चौथ्या-पाचव्या दिवशी विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसलेली दिसते. चिनी परंपरेत मात्र या काळाला नाव आहे. बाळंतपणानंतरच्या विश्रांतीला तेथे ‘महिना बसणे’ म्हणतात, तर गर्भ पडल्यानंतरच्या विश्रांतीला ‘श्याओ युए-त्झ’, म्हणजे ‘छोटा महिना’. त्या परंपरेतून एकच गोष्ट उचलायची असेल तर माझ्या मते ही विश्रांतीच उचलावी. काढ्यांचा विचार नंतर, आणि डॉक्टरांना विचारूनच.

सुरुवात मात्र रुग्णालयाच्या कागदांपासून करावी. पिशवीत काही अंश राहिलेला नाही ना, हिमोग्लोबिन किती आहे आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला असल्यास त्याचा अहवाल काय आला, हे विचारून घ्यावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भाला धोका होऊ नये म्हणून दिले जाणारे अँटी-डी इंजेक्शन लागते का, याची चौकशी लगेच करावी, कारण ते साधारणतः ७२ तासांच्या आत द्यायचे असते. एक ते दोन आठवडे अंगावरून थोडे थोडे जाणे स्वाभाविक आहे. परंतु सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, घाण वासाचा स्राव, वाढत जाणारी पोटदुखी किंवा भोवळ, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

चिनी वैद्यकाच्या समजुतीप्रमाणे अशा वेळी शरीरातील ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आणि रक्त दोन्ही खर्ची पडतात, शिवाय थोडे जुने रक्त आत साचून राहते. म्हणून ते वैद्य आधी साचलेले बाहेर काढणारी आणि नंतर भरून काढणारी औषधे देतात. पहिला भाग येथे अडचणीचा ठरतो, कारण साफ करण्याचे काम शस्त्रक्रियेने आधीच झालेले असते. त्यावर रक्त ‘हलवणारा’ काढा घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो, आणि आत काही राहिलेच असेल तर काढ्यावर विसंबून तपासणीला उशीर होतो.

दुसऱ्या भागाचे बरेचसे सामान आपल्या स्वयंपाकघरातच आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथपरंपरेत आले, मटण आणि डांग-ग्वेई नावाचे मूळ यांचे सूप सांगितले आहे. त्यातले मूळ वगळले की आपले अळणीच, म्हणजे बिनमसाल्याचा मटणाचा रस्साच उरतो. हाडासकट पाव किलो मटण हळद, आले-लसूण, कांदा आणि मीठ घालून कुकरमध्ये मऊ शिजवावे. चटणी-मसाला पडण्याआधी त्यातले वाटीभर अळणी वेगळे काढून गरम गरम प्यावे, वर लिंबू पिळावे आणि सोबत ज्वारीची भाकरी घ्यावी. (भाकरी कुस्करून घातली तरी चालेल, सोलापूरकरांना हे सांगायला नकोच.) मांसाहार नसेल तर हुलग्याचे माडगे, मेथीची पातळ भाजी, अळिवाची खीर आणि शेंगदाणे हा पर्याय चांगला आहे. चिनी घरांतून दिली जाणारी ‘लाल खजुरे’ प्रत्यक्षात खजूर नसून बोराच्याच कुळातील फळे आहेत. ती मिळाली तर सहा फळे चिरून, बिया काढून, आल्याच्या दोन चकत्यांसह दोन कप पाण्यात एक कप उरेपर्यंत उकळावीत आणि ते पाणी कोमट प्यावे. न मिळाल्यास वाळवलेली बोरे किंवा खारीक घ्यावी, मात्र मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. या पेयांनी ऊब आणि थोडी ताकद मिळते, लोहाची तूट भरत नाही. त्यासाठी दिलेल्या गोळ्या चालू ठेवाव्यात आणि चहा गोळीच्या व जेवणाच्या लगेच आधी किंवा नंतर घेऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते.

आता औषधी काढ्यांविषयी. डांग-ग्वेई, च्वान-श्योंग, शू-दी आणि पांढरी पिओनी या चार वनौषधींचा ‘स-वू-थांग’ हा काढा प्रसिद्ध असला तरी शस्त्रक्रियेनंतर ताकद भरून येण्याबाबत त्याचा खात्रीचा पुरावा तुटपुंजा आहे. डांग-ग्वेई वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढवू शकते, म्हणून रक्तस्राव चालू असताना ते टाळावे. अनेक चिनी काढ्यांत ज्येष्ठमध असते, जे जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. ऑनलाइन मागवलेल्या, घटकांची यादी नसलेल्या पुड्या अजिबात घेऊ नयेत. काही चिनी वनस्पतींतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

चीन म्हटले की सोलापूरकराला सोलापुरातच जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. परंतु ते आधुनिक शल्यचिकित्सक होते, तेव्हा त्यांच्या नावाचा दाखला देऊन कोणी पुड्या विकत असेल तर भुलू नये. अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यायचेच असेल तर रक्तस्राव थांबल्यावर, नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडून आणि एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनीच घ्यावे. तोवर पोटावर सुया, चोळणे, शेगडीचा कडक शेक यांतले काहीही नको. सासूबाईंनी मायेने शेगडी पेटवली तर ती पायांशी ठेवून घ्यावी.

पहिले दोन-तीन दिवस पडून राहावे, मग घरातल्या घरात चालावे. जड घागर आणि धुण्याची बादली दोन आठवडे दुसऱ्या कोणी उचलावी. अंगावरून जाणे पूर्ण थांबेपर्यंत संबंध टाळावेत. नोकरी करणाऱ्या स्त्रीला १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेली सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद आहे, त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पाळी सहसा चार ते सहा आठवड्यांत येते, परंतु स्त्रीबीज त्याआधीच, अगदी दोन आठवड्यांतही, सुटू शकते. तेव्हा लगेच दिवस राहायला नको असतील तर गर्भनिरोधक साधन पाळीची वाट न पाहता ठरवावे. आठ आठवडे उलटूनही पाळी आली नाही तर ‘अशक्तपणामुळे लांबली असेल’ असे म्हणून काढा सुरू न करता आधी गर्भ राहिल्याची चाचणी आणि मग सोनोग्राफी करून घ्यावी.