सीमाभागातल्या मुलांना पुस्तक सुचवताना या चुका टाळा

नऊ ते बारा वर्षांचे मूल पुस्तक अर्धवट टाकून परत आणून देते, तेव्हा 'मोबाइलमुळे वाचन संपले' हे वाक्य आपल्या तोंडी तयारच असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात काही वर्षे मुलांना पुस्तके देण्याघेण्याचे काम केल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. न वाचता परत आलेल्या पुस्तकांच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा मुलाची नसून सुचवणाऱ्याची असते. या भागात ती चूक होणे फार सोपे आहे, कारण इथल्या मुलाची घरची भाषा, शाळेची भाषा आणि पुस्तकाची भाषा क्वचितच एक असते.

इयत्ता बघून पुस्तक काढणे

'पाचवीच्या मुलाला काय देऊ?' असा प्रश्न पालक विचारतात आणि आपण लगेच कपाटाकडे वळतो, ही पहिली चूक. पाचवीतली तीन मुले एकाच गल्लीत राहत असतात. एक मराठी शाळेत जाते, दुसरे कन्नड शाळेत आणि तिसरे इंग्रजी शाळेत. तिघांच्याही घरी मराठी बोलली जाते आणि गोष्ट सांगितली तर तिघांनाही ती सारखीच कळते. मराठी पान समोर ठेवले की मात्र पहिले सरळ वाचत जाते, दुसरे जोडाक्षरापाशी थबकते आणि तिसरे ओळीवर बोट ठेवून दुसरीतल्या मुलासारखे एकेक अक्षर लावू लागते. या तिसऱ्या मुलाला आपण दयेपोटी 'चिऊताई चिऊताई दार उघड'च्या पातळीचे पुस्तक देतो. त्याची वाचण्याची गती सात वर्षांच्या मुलाची असली तरी त्याचे मन दहा वर्षांचे असते, आणि बाळबोध पुस्तक हातात पडताच त्याचा अपमान होतो. तो तसे बोलून दाखवत नाही, फक्त पुन्हा येत नाही.

पुस्तक जड आहे की नाही हे पाहण्याचा एक ठोकताळा सर्वांच्या परिचयाचा आहे: मुलाला मधले एखादे पान मोठ्याने वाचायला सांगावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे आणि पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. आपल्याकडे हा ठोकताळा जसाच्या तसा लावला तर तो फसवतो, कारण इथली मुले दोन निरनिराळ्या कारणांनी अडतात. काही शब्दांचा अर्थ त्यांना माहीत नसतो, तर काही शब्द रोज तोंडात असूनही कागदावर ओळखू येत नाहीत. म्हणून मूल अडले की तो शब्द आपण स्वतः उच्चारून पाहावा. ऐकताच त्याचा चेहरा उजळला तर अडचण केवळ लिपीची आहे आणि पुस्तक बदलण्याचे कारण नाही. चेहरा कोराच राहिला तर मात्र ते बोट मोजावे.

लिपीची ही अडचण कन्नड शाळेतल्या मुलांच्या बाबतीत समजून घेण्यासारखी आहे. कन्नडमध्ये जोडाक्षरातला दुसरा वर्ण ओत्तक्षर म्हणून पहिल्याच्या खाली बसतो. देवनागरीत बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्णाची दांडी जाऊन तो अर्धा होतो आणि दुसरा त्याच्या शेजारी पूर्ण उभा राहतो. रफाराचा गोंधळ तर याहून मोठा असतो, कारण देवनागरीत तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, तर कन्नडमध्ये त्याची खूण बहुधा अक्षराच्या उजवीकडे, म्हणजे नंतर लिहितात. शिवाय कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी लिहिलेला अकार उच्चारला जात असल्यामुळे ही मुले 'घर' किंवा 'पाऊस' वाचताना शेवटचे अक्षर ओढतात, आणि मग स्वतःच वाचलेला शब्द त्यांना स्वतःला ओळखू येत नाही. यात बुद्धीचा प्रश्न कुठेच येत नाही. पहिले प्रकरण आपण वाचून दाखवावे, दुसरे एक परिच्छेद आपण आणि एक मुलाने असे वाचावे. तिसऱ्या प्रकरणापर्यंत पुष्कळ मुले पुस्तक आपल्या हातातून ओढून घेतात.

अशा मुलांसाठी ठसठशीत टाइप, भरपूर संवाद आणि छोटी प्रकरणे असलेली पुस्तके शोधावीत. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे इथे हमखास उपयोगी पडतो, कारण त्याचे उपद्व्याप दहा वर्षांच्या मनाला शोभणारे आहेत आणि भाषा बोलती आहे. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' बाल गट आणि कुमार गट अशा भागांत मिळते. त्यातला उतारा आवडला की मूळ पुस्तक शोधून देता येते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या मोफत संकेतस्थळावर गोष्टींना इयत्ता लावलेली नसून वाचनाच्या चार पातळ्या दिलेल्या आहेत, हे आपल्या दृष्टीने फार सोयीचे आहे.

आपल्या लहानपणचे पुस्तक मुलाच्या हातात कोंबणे

ही चूक मी स्वतः केली आहे. सहावीतल्या एका मुलीला मी मोठ्या प्रेमाने 'श्यामची आई' दिले आणि तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा आत ठेवलेली खुणेची पट्टी नवव्या पानावरून हललेली नव्हती. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातले कोकणातले घर, सोवळेओवळे, व्रते आणि संथ, ओथंबलेली वाक्ये आजच्या मुलीला एकदम पेलत नाहीत. पण पुस्तक जुने झाले असे म्हणून ते कपाटात टाकणे हीही तितकीच चूक आहे. त्याची रचनाच रोज रात्री सांगितलेल्या एकेका गोष्टीची आहे, म्हणजे ते ऐकण्यासाठी घडलेले पुस्तक आहे, आणि मी ते मूकपणे वाचायला दिले होते. पुढे श्याम पोहायला घाबरून लपतो तो प्रसंग मी चारपाच मुलांना वाचून दाखवला, तेव्हा त्याच मुलीने पुस्तक पुन्हा मागून नेले.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला असा आधार सहसा लागत नाही. पुण्याच्या विद्याभवनमधला हा किडकिडीत पोरगा 'टॉक्' म्हणून धावत सुटला की वाचणाऱ्याला थांबायला सवड मिळत नाही, आणि ज्या मुलाने पुणे पाहिलेलेही नाही तेसुद्धा त्याच्या मागे जाते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या त्याच्याही आधीच्या काळातला आहे. तो द्यायचा तर आधी एखादे प्रकरण वाचून दाखवून मगच द्यावा.

मुलाच्या बोलीला चूक ठरवणे

पुस्तक कसे वाटले असे विचारल्यावर मूल सांगते, 'वाचूलालोय सर, खरं कळंना झालंय.' यावर आपण पहिले काम काय करतो, तर 'खरं नव्हे, पण म्हण' अशी दुरुस्ती करतो. मूल त्या क्षणी गप्प होते आणि नेमके काय कळत नव्हते हे आपल्याला कधीच समजत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधल्या रावसाहेबांची कन्नड हेल असलेली बेळगावी मराठी आपण दाद देत ऐकतो आणि तीच मराठी पोराच्या तोंडून आली की कान टवकारतो. हा न्याय मला कधीच पटलेला नाही. मुलाने पुस्तकाबद्दल स्वतःच्या भाषेत बोलावे. छापील भाषा वाचून वाचूनच त्याच्या कानावर पडणार आहे, त्यासाठी गप्पा मोडण्याची गरज नाही.

याच्याच जवळची पण अधिक नुकसान करणारी चूक म्हणजे दप्तरात कन्नड आणि मराठी पुस्तकांचे भांडण लावणे. भाषेचा वाद मोठ्यांचा आहे आणि तो मोठ्यांनी जरूर करावा. पण 'कन्नड राहू दे, आधी मराठी वाच' असे बजावून दिलेले मराठी पुस्तक ही शिक्षा होते आणि शिक्षेची चव त्या भाषेला लागते. कन्नड गोष्टींचे पुस्तक आवडीने वाचणारे मूल मुळात वाचक झालेले असते, म्हणजे आपले अर्धे काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते. त्याला त्याच गोष्टीचे मराठी पुस्तक द्यावे. गोष्ट माहीत असल्यामुळे लिपीचे ओझे हलके होते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली कितीतरी पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघालेली आहेत आणि स्टोरीवीव्हरवरही एकच गोष्ट दोन्ही भाषांत उघडून शेजारी शेजारी ठेवता येते. सुधा मूर्ती यांचे 'आजीच्या पोतडीतल्या गोष्टी' या भागात विशेष चालते. मूळ इंग्रजी पुस्तकाचा हा अनुवाद असला तरी त्यातले आजीआजोबा हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गावीचे आहेत, त्यामुळे ते घर इथल्या मुलांना आपल्या आजोळासारखे वाटते.

गोष्टीलाच पुस्तक समजणे

काही मुलांना गोष्टी आवडत नाहीत. ती वाचत नाहीत असा निष्कर्ष आपण काढतो आणि तिथेच सोडून देतो. खानापूरच्या जंगलालगतच्या गावातला एक सातवीतला मुलगा माझ्याकडून दिलेले प्रत्येक गोष्टीचे पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आणत असे. पण धनेश कोणत्या झाडावर घरटे करतो, मलप्रभा कणकुंबीजवळ कुठे उगम पावते, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. त्याच्या तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात, बारापेडे गुहांमध्ये, जगात फारच थोड्या ठिकाणी सापडणारे वटवाघूळ राहते, एवढे सांगून मी त्याला वटवाघळांवरचा लेख दिला, तेव्हा तो दोनदा वाचून झाला. माहितीपर पुस्तके, नकाशे, प्रयोग, कोडी, चरित्रे आणि चित्रकथा हेही वाचनच आहे. नंदगडच्या परिसरातल्या मुलांना संगोळ्ळी रायण्णा १८३१ मध्ये तिथेच फाशी गेला हे ऐकून माहीत असते. त्याच्याविषयी मराठीत वा कन्नडमध्ये जे मिळेल ते द्यावे, तिथून किल्ल्यांच्या आणि लढायांच्या पुस्तकांकडे मूल आपोआप वळते. सहावीसातवीतल्या विज्ञानवेड्या मुलांना कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'मधल्या विज्ञानकथा देऊन पाहाव्यात, मात्र पहिली कथा कोणती वाचायची हे आपण निवडून द्यावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ज्याला काय आवडते हेच ठाऊक नाही अशा मुलासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही. 'हे मुलींचे पुस्तक, हे मुलांचे' अशी वाटणी करू नये, याबद्दल आता अधिक लिहिण्याची गरज नसावी.

संस्कार आणि सारांश

पुस्तक देताना 'यातून चांगली शिकवण मिळते' असे म्हटले की मुलाला औषधाचा वास येतो. परत घेताना 'आता दहा ओळींत सारांश लिही' असे सांगितले की पुढचे पुस्तक नेण्याची त्याची इच्छा जाते. याऐवजी देताना पहिली दोन पाने रंगवून वाचावीत, उत्कंठेच्या ठिकाणी थांबावे आणि पुस्तक मिटून पुढे करावे. परत घेताना एवढेच विचारावे की कोणता भाग कंटाळवाणा होता. कंटाळ्याबद्दल बोलायची मुभा मिळाली की मूल आवडीबद्दलही खरे बोलू लागते.

तरीही अडले तर

दहा पाने वाचून पुस्तक टाकणाऱ्या मुलाला ते टाकू द्यावे, मात्र लगेच दुसरे हातात असावे. तेच ते पुस्तक चौथ्यांदा नेणाऱ्या मुलाला अडवू नये. लिपी सराईत होण्याचा तो त्याने स्वतः शोधलेला मार्ग असतो. एका दिवसात 'वाचून झाले' म्हणणाऱ्याने बहुधा चित्रे पाहिलेली असतात. त्याला खोटे पाडण्याऐवजी पुढच्या वेळी पातळ पुस्तक द्यावे. भुताच्या गोष्टीच मागणाऱ्या मुलांपुढे शिक्षक हात टेकतात, पण भूत वाचणारे मूल रहस्यकथेकडे आणि तिथून फास्टर फेणेकडे सहज येते.

पुस्तके मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, विशेषतः खेड्यांत. कर्नाटक सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या 'ओदुव बेळकु' उपक्रमात ग्रामपंचायत ग्रंथालयांत शाळकरी मुलांना मोफत सभासदत्व मिळते. तिथली पुस्तके बहुतांशी कन्नड असतात, पण मराठी पुस्तकांची मागणी नोंदवहीत लेखी नोंदवावी, कारण तोंडी मागणीचा माग राहत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, तिथे पुस्तकांचे स्टॉल दिसले तर मुलाला सोबत न्यावे, त्याच्या हातात शंभर रुपये द्यावेत आणि आपण दोन स्टॉल पलीकडे जाऊन उभे राहावे. त्याने सुमार विनोदांचे पुस्तक घेतले तरी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये.