खिडकीच्या काचा पाझरतायत? सिलिकॉनवाल्याला बोलवायची घाई नको

डिसेंबरात पाषाण-एनडीएकडे पारा दहाच्या खाली उतरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात. काचेवरून ओघळलेलं पाणी, खाली स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये साचलेलं तळं. त्यावर सल्ला ठरलेला: "सील गेलंय, सिलिकॉन मारून घ्या."

खर्चात टाकणारी चूक हीच. आधी काचेवरून बोट फिरवा. पाऊस नसताना आतली बाजू अशी सगळीकडून ओली लागली तर पाणी बाहेरून आलेलंच नाही, ते घरातल्या हवेतलं आहे. २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. घरातली हवा गार काचेला लागली की न मावणारी वाफ तिथेच थेंब होऊन बसते. सिलिकॉन त्याला काय करणार? उलट घाईघाईत ट्रॅकची पाणी निघायची भोकं बुजवली जातात आणि जूनमध्ये पावसाचं पाणी हॉलमध्ये उतरतं.

वाफ कुठून येते म्हटलं की कुकर आणि आंघोळ आठवते. गॅस कुणालाच आठवत नाही. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, १४.२ किलोच्या सिलिंडरमागे वीस लिटरच्या वर! त्यामुळे चिमणी फक्त फोडणीपुरती लावू नका. तिची नळी बाहेर सोडलेली नसेल तर वाफ घरातच फिरते, हेही बघून घ्या.

"बाहेर धुकं आहे, खिडकी उघडली तर आणखी ओल येईल," हे पटतं, पण उलटं आहे. दहा अंशांची दमट हवा घरात येऊन वीस अंशांवर गेली की तिची आर्द्रता जवळपास निम्मी होते. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा. पावसाळ्यात मात्र हा उपाय चालत नाही, तेव्हा बाहेरची हवाच उबदार आणि ओलीचिंब असते.

बेडरूममध्ये स्टँडवर कपडे वाळवणं, काच पुसून ओलं फडकं तिथेच टाकणं, हे तर सांगायलाच नको. जाड पडदा रात्रभर घट्ट ओढला की त्यामागची काच आणखी गार पडते, आणि कोपऱ्यातली काळी बुरशी तिथूनच सुरू होते.

दुहेरी काच असेल आणि धुरकटपणा दोन काचांच्या मध्ये दिसत असेल, तर सील खरंच गेलंय. ते पुसून जात नाही. काचेची ती जोडीच बदलून घ्यावी लागते.