हेक्स आकड्यांवरून कोडमधली चुकीची ओळ कशी सापडली (माझा अनुभव)

सावद्याच्या एका केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये तापमान सांभाळणारा आमचा सी-प्लसप्लस प्रोग्रॅम अधूनमधून कोसळायचा. मालकांचा फोन, "भाऊ, मशीन परत बंद पडनी!" आणि लिनक्सच्या लॉगमध्ये नुसते हेक्स पत्ते, म्हणजे षोडशमान आकड्यांत लिहिलेल्या मेमरीतल्या जागा.

ते पत्ते थेट ‘ॲडरटूलाइन’ला (पत्त्यावरून कोडची ओळ सांगणारं साधन) दिले, तर उत्तरात फक्त प्रश्नचिन्हं. हल्लीची बायनरी (चालवायची तयार फाइल) बहुधा ‘पाय’ प्रकारची, म्हणजे मेमरीत कुठेही चढू शकणारी असते आणि दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी चढते. त्यामुळे लॉगमधला पत्ता फाइलमधल्या पत्त्याशी जुळत नाही. म्हणून क्रॅश होताना ‘/प्रोक/सेल्फ/मॅप्स’ ही, प्रोग्रॅमचा कुठला भाग मेमरीत कुठे चढलाय ते सांगणारी यादीही लॉगमध्ये उतरवून घेतली. त्यातल्या आपल्या बायनरीच्या शून्य ऑफसेटवाल्या (फाइलच्या सुरुवातीच्या) ओळीतला सुरुवातीचा पत्ता लॉगमधल्या पत्त्यातून वजा केला आणि गाडी रुळावर आली.

चेंबरमधली बायनरी स्ट्रिप केलेली, म्हणजे फंक्शनांची नावं आणि ओळींची माहिती काढून टाकलेली. ही डीबग माहिती असलेली प्रत ऑफिसात होती, तीच वापरली. फक्त दोन्हींचा बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) ‘रीडएल्फ’ या साधनाने ताडून पाहिला. हे टाळू नका, नाहीतर ‘ॲडरटूलाइन’ बिनदिक्कत भलतीच ओळ दाखवतं. त्याला ‘आय’ पर्याय दिला की इनलाइन झालेली, म्हणजे कंपायलरने दुसऱ्या फंक्शनात मिसळलेली फंक्शन्सही दिसतात.

बॅकट्रेसमधल्या (कोणी कोणाला कॉल केला त्या यादीतल्या) कॉल करणाऱ्या फंक्शनांच्या फ्रेम्सचे पत्ते परतीचे असतात, म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचे. त्यातून १ वजा केल्यावर नेमकी ओळ आली: सेन्सरकडून रिकामं उत्तर आलं तरी पॉइंटर (डेटाचा पत्ता ठेवणारं चल) न तपासता वाचला जात होता.